उसाचा हंगाम आणि दिल्लीची निवडणूक



बीड लोकसभा मतदारसंघाचे दोन आकडे या सभागृहातल्या बहुतेकांना तोंडपाठ असतील. पहिला ६,९६,३२१. ऑक्टोबर २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे एवढ्या मताधिक्याने निवडून आल्या. तोवर देशात इतक्या फरकाने कुणीही लोकसभेवर गेले नव्हते, आणि २०२४ मध्ये इंदूरचा निकाल लागेपर्यंत तो विक्रम टिकला. दुसरा आकडा ६,५५३. ४ जून २०२४ च्या रात्री उशिरा बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना एवढ्याच मतांनी हरवले. मतदारसंघ तोच, घर तेच, मधे दहा वर्षे.

हे कसे घडले, असे कुणालाही विचारा, उत्तर तयार असते : मराठा विरुद्ध वंजारी. २०२४ पुरते ते उत्तर खोटे नाही, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण १९५२ पासून २०२४ पर्यंत इथे पोटनिवडणूक धरून लोकसभेसाठी एकोणीस वेळा मतदान झाले. त्या एकोणीस निकालांना जातीचे एकच कुलूप लावून बसलो तर निम्म्याहून अधिक निकाल दाराबाहेर राहतात. मला आज असे मांडायचे आहे की, बीडचे मत समजून घ्यायचे तर आधी उसाच्या हंगामाकडे पाहावे लागते. इथला कष्टकरी माणूस वर्षातले कोणते महिने गावात असतो, कोणते महिने शेकडो मैलांवरच्या फडात असतो, आणि मतदानाची तारीख त्यातल्या नेमक्या कोणत्या महिन्यात पडते, हे पाहावे लागते.

सुरुवात हैदराबाद संस्थानापासून करू. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, आणि साडेतीन वर्षांच्या आत इथल्या माणसाने पहिले मत दिले. काँग्रेसचे वजन मोठे होते. स्वातंत्र्याचा लढा स्टेट काँग्रेसने लढवला होता, आणि तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तर याच अंबाजोगाईत, योगेश्वरी शाळेत शिकवून गेलेले. तरीही १९५२ मध्ये बीडने लोकसभेवर पाठवले ते रामचंद्र गोविंद परांजपे यांना. ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे होते. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्यामुळे डाव्यांनी उभी केलेली ही आघाडी. तेलंगणात तिचा जोर होता हे समजण्यासारखे आहे, पण मराठी मुलखातल्या बीडनेही तिलाच कौल द्यावा, याचा अर्थ नीट लावला पाहिजे. देशमुखी-पाटीलकी, जहागिरी, सावकारी आणि कुळे, हा तेव्हाचा रोजचा प्रश्न होता. १९५० चा हैदराबाद कुळकायदा नुकताच आलेला होता. जमीन कसणाऱ्याची होणार की नाही, या एका प्रश्नावर ते मत पडले, असे मला वाटते.

१९५७ मध्ये रखमाजी धोंडिबा पाटील आणि १९६२ मध्ये द्वारकादास मंत्री, असे दोनदा काँग्रेस जिंकली. राज्ये बदलत होती. बीड हैदराबादेतून द्विभाषिक मुंबईत आणि तिथून महाराष्ट्रात आले. सत्तेच्या पक्षाबरोबर राहण्याचे ते दिवस होते, त्यावर अधिक बोलत नाही.

१९६७ ची निवडणूक मात्र मला या मतदारसंघाच्या इतिहासातली सगळ्यात देखणी निवडणूक वाटते. त्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून बीडमधून निवडून आले. नाना पाटील सातारा-सांगलीकडचे. पत्री सरकारचे सेनानी. वय सदुसष्टीला टेकलेले. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले होते. बीडशी त्यांचे ना नाते, ना गणगोत, ना साखर कारखाना, ना संस्था. त्यांच्या जातीची मते इथे होती म्हणून ते आले, असे कुणी म्हणेल. ती मते तर प्रत्येक निवडणुकीत होती आणि काँग्रेसकडेही त्याच जातीचे पुढारी होते. हा माणूस धोतर, मुंडासे आणि गावरान बोलीत सभा घ्यायचा. लोकसभेतही मराठीतून बोलायचा. मुक्कामाला कार्यकर्त्याच्या घरी, जेवायला भाकरी-पिठले. परक्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या क्रांतिकारकाला आपला खासदार करण्याएवढे मन तेव्हाच्या बीडकडे होते. आज आपल्याकडे उमेदवार तालुक्याबाहेरचा असला तरी ‘उपरा’ म्हणून त्याच्यावर बोट ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

१९७१ मध्ये सयाजीराव पंडित काँग्रेसकडून आले. इंदिरा गांधींची लाट होती. पण पुढच्याच निवडणुकीत, १९७७ मध्ये, बीड पुन्हा डावीकडे वळले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे विजयी झाले. म्हणजे पहिल्या सहा निवडणुकांपैकी तीन बीडने डाव्यांना दिल्या. मराठवाड्याच्या राजकारणाची पुस्तके चाळताना ही गोष्ट एका ओळीत संपवली जाते. ती इतकी लहान नाही.

या दोन निवडणुकांच्या मधे १९७२ चा दुष्काळ उभा आहे. बीडचा बहुतेक भाग बालाघाटाच्या डोंगररांगांचा : पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केजचा वरचा पट्टा. हलकी, उथळ, मुरमाड जमीन. गेवराई आणि माजलगावकडचा गोदाकाठ सोडला तर पाण्याचा भरवसा नाही. दुष्काळाआधीही लोक ऊस तोडायला जात होते, पण दुष्काळानंतर ते जाणे रीतच होऊन बसले. त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने वाढत होते आणि त्यांना कमी पैशात, घरदार सोडून येणारी माणसे हवी होती. तिकडे धरणे झाली, ऊस झाला, आणि तो तोडायला बीड गेले.

शहरातल्या श्रोत्यांसाठी हे थोडे उलगडून सांगतो. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आसपास मुकादम उचल देतो. ही उचल हंगामात फेडायची, अंगावर राहिली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचे. दिवाळी होते न होते तोच ट्रक आणि ट्रॅक्टर गावात लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या परततात. धारूरच्या घाटाजवळच्या एका वस्तीवर मी परतलेल्या बाईला सामान उतरवताना पाहिले आहे. ताडपत्रीची गुंडाळी, काळीभोर भगुली, दोन शेळ्या, चिंधीत गुंडाळलेले कोयते. सगळ्यात शेवटी तिने चोळीतून एक कॅरीबॅग काढली. आत रेशनकार्ड, पोरांची आधारकार्डे आणि दोघांची मतदान ओळखपत्रे होती. पाच महिने पाचटाच्या कोपीत ती पिशवी तिने अंगावेगळी केली नव्हती. मी विचारले, ‘बाई, हे तिकडं कशाला नेलं?’ ती म्हणाली, ‘इथं ठिवून कुणाच्या भरवशावर जावं?’

आता निवडणुकांच्या तारखा आणि हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९७७ चे मतदान मार्चमध्ये झाले. १९८० चे जानेवारीत. १९८४ चे डिसेंबरमध्ये. १९८९ चे नोव्हेंबरच्या अखेरीस. १९९८ चे फेब्रुवारीत. हे सगळे ऐन हंगामातले दिवस. उलट १९९१ आणि १९९६ ला मतदान उन्हाळ्यात झाले, १९९९ ला सप्टेंबरमध्ये, आणि २००४ पासूनच्या सगळ्या सार्वत्रिक निवडणुका एप्रिल-मेमध्ये. म्हणजे ऊसतोड मजूर नावाचा मतदार लोकसभेला पूर्ण ताकदीने गावात हजर असणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी निकाल लावत होते ते मुख्यतः गावात उरलेले लोक : बागायतदार, नोकरदार, व्यापारी, म्हातारीकोतारी, आणि जायची ऐपत किंवा गरज नसलेले. हे गणित सरळ रेषेत चालत नाही हेही सांगतो. १९८९ मध्ये टोळ्या निघून गेलेल्या असताना जिंकले ते जनता दलाचे बबनराव ढाकणे, म्हणजे खुद्द ऊसतोड कामगारांचे पुढारी. पण बोफोर्सच्या त्या वर्षी देशभर काँग्रेसविरोधी हवा होती. आणि १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत, १९८० आणि १९८४ ला जिंकलेल्या काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर पुन्हा आल्या.

केशरकाकूंविषयी थांबून बोलले पाहिजे. राजुरी गावच्या सरपंच, मग पंचायत समिती, १९७२ मध्ये चौसाळ्याच्या आमदार, आणि १९८०, १९८४, १९९१ अशा तीन वेळा खासदार. ‘काकू’ एवढेच म्हटले की जिल्ह्यात कुणाला कळायचे राहत नसे. ज्या काळात बाईने चावडीवर बसणे गावाला खपत नव्हते त्या काळात ही बाई चावडी चालवत होती. त्यांनी राजुरीला गजानन साखर कारखाना उभा केला. मुलगा जयदत्त मंत्री झाला, पुढची पिढी आमदार झाली, भाऊबंदकीही झाली. घराण्याचे राजकारण म्हणून त्यांच्यावर टीका होते, आणि ती टीका पुढच्या पिढ्यांना लागू आहे. पण काकूंना हे घराणे कुणी दिले नव्हते. ते त्यांनी उभे केले.

बीडने बाईला दिल्लीला पाठवायला कधी काचकूच केली नाही. काकूंनंतर १९९६ मध्ये भाजपच्या रजनी पाटील आल्या, त्या पुढे काँग्रेसमध्ये गेल्या आणि राज्यसभेवर पोचल्या. मग २०१४ ची पोटनिवडणूक आणि २०१९, दोन्ही वेळा प्रीतम मुंडे. एकोणीसपैकी सहा वेळा इथून बाई निवडून आली. आणि याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, महाराष्ट्रात सगळ्यात कमी. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२,३०९ बायका तपासल्या, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. फडात पाळी आली, पोट दुखले, तर खाडा पडतो. खाडा पडला तर पैसे कापतात. मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. हे आकडे सरकारी समितीचे आहेत, विधिमंडळात त्यावर चर्चा झाली. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत हा प्रश्न किती सभांमधून मांडला गेला, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. मला त्याचा संताप येतो आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

१९९८, १९९९ आणि २००४ अशी तीन वेळा जयसिंगराव गायकवाड यांनी बीड जिंकले, दोनदा भाजपकडून आणि तिसऱ्यांदा राष्ट्रवादीकडून. माणूस तोच, चिन्ह वेगळे. पक्षाला आपण समजतो तेवढी मुळे इथे कधीच नव्हती, एवढे त्यातून दिसते.

२००९ मध्ये गोपीनाथ मुंडे लोकसभेला उभे राहिले, तेव्हा मतदारसंघाचा नकाशाही नवा होता. पुनर्रचनेत चौसाळा आणि रेणापूर ही विधानसभेची नावे गेली, परळी आले. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी असे सहा मतदारसंघ उरले. मुंडेसाहेब नाथ्र्याचे. याच अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात शिकले, प्रमोद महाजनांशी मैत्री इथलीच. १९८० मध्ये रेणापूरचे आमदार, १९८५ मध्ये पराभव, मग १९९० पासून सलग विजय, १९९५ ते ९९ उपमुख्यमंत्री. पण या सगळ्या पदांपेक्षा डोंगरातल्या माणसाला ते माहीत होते ते वेगळ्या कामासाठी. टनामागे तोडणीचा दर वाढवून देणारा, कारखानदारांच्या पुढ्यात बसून लवाद करणारा माणूस म्हणून. कोयता बंद म्हटले की कोयता बंद. शरद पवार एका बाजूला, मुंडे दुसऱ्या बाजूला, आणि त्यांनी ठरवलेल्या दरावर लाखो जोड्यांचा हंगाम. त्यांनीच पांगरीला वैद्यनाथ कारखाना काढला, म्हणजे मजुरांचा पुढारी मालकाच्या खुर्चीतही बसला. मजुरांनी ते वावगे मानले नाही, कारण आपल्या मुलखात कारखाना झाला तर कदाचित जावे लागणार नाही, अशी आशा त्यांना होती. ती आशा पुरी झाली नाही.

२००९ मध्ये ते १,४०,९५२ मतांनी आले, एप्रिल २०१४ मध्ये सुरेश धस यांच्याविरुद्ध १,३६,४५४ मतांनी. दोन्ही वेळा मतदान पट्टा पडल्यावर झाले. २६ मे २०१४ ला त्यांनी केंद्रात शपथ घेतली, ग्रामविकास खाते मिळाले. ३ जूनला सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जाताना अपघातात ते गेले. ज्या खात्याचे काम रोजगार हमी आणि खेड्यातला रस्ता, ते खाते ऊसतोड मजुरांच्या पुढाऱ्याकडे आले आणि आठवड्याभरात रिकामे झाले. याची हळहळ इथल्या विरोधकांनाही वाटली, हे मी ऐकले आहे. पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही. समोर काँग्रेसचे अशोकराव पाटील होते. मुंडेसाहेबांच्या कन्या प्रीतमताईंना ९,२२,४१६ मते पडली. तो विक्रम श्रद्धांजलीचा होता. त्याला पक्की मतपेढी समजले गेले, तिथून पुढची चूक सुरू झाली. २०१९ मध्ये मताधिक्य १,६८,३६८ वर आले, म्हणजे जवळपास मुंडेसाहेबांच्याच नेहमीच्या पातळीवर. तेव्हाही समोर बजरंग सोनवणेच होते, आणि त्यांना पाच लाखांवर मते होती.

आता २०२४. मराठा आरक्षण आंदोलनाचे केंद्र असलेली अंतरवाली सराटी जालना जिल्ह्यात असली तरी गेवराईच्या शिवेला लागून आहे, आणि आंदोलनाचे नेते मनोज जरांगे मूळचे शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. या आंदोलनाची धग बीडला सगळ्यात जास्त लागली. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आणि बीडमध्ये आमदारांची घरे पेटवली गेली. त्यानंतर दुकानदार कोण, गिऱ्हाईक कोण, हॉटेल कुणाचे, हे विचारून लोक पायरी चढू लागले. गडसुद्धा वाटले गेले : भगवानगड, नारायणगड, गोपीनाथगड. अशा हवेत १३ मे २०२४ ला मतदान झाले. सोनवणे यांना ६,८३,९५० आणि पंकजाताईंना ६,७७,३९७ मते मिळाली. एका अपक्षाला ‘तुतारी’ या चिन्हावर ५४,८५० मते पडली. सोनवणे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. म्हणजे ही लढत वाटते तितकी अटीतटीची होती का, हाही प्रश्न आहे. निकालानंतर काही तरुणांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या, आणि पंकजाताईंना स्वतः हात जोडून ‘असे करू नका’ म्हणावे लागले. पुढाऱ्याचा पराभव पोराला स्वतःचे मरण वाटावे, इथवर आपण त्यांना एकटे सोडले आहे.

आणि तरीही मी उसाकडेच परत येतो. निकालाच्या पाच महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. ही मोठी वाढ होती. एरवी तेवढ्यावर डोंगरपट्टा उभा राहिला असता. या वेळी ती वाढ घेणाऱ्या हातांचीही दोन बाजूंना वाटणी झाली. कोयता धरणारे वंजारी आहेत तसे मराठाही आहेत, दलित आहेत, बंजारा आणि धनगरही आहेत. फडात एकाच कोपीच्या रांगेत राहणारे लोक गावी येऊन वेगवेगळ्या रांगांत उभे राहिले. १९६७ च्या आणि १९७७ च्या बीडला जे जमले होते ते या पिढीच्या हातून सुटले. त्याचा दोष मी मजुरांना देणार नाही. त्यांच्या नावाने मते मागणाऱ्यांपैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी बांधलेले आहेत. सोनवणेही साखर कारखाना चालवतात. मजुराचा म्हणावा असा उमेदवारच अलीकडे मतपत्रिकेवर नसतो, मग जातीचा तरी असावा, असे त्याला वाटले तर आश्चर्य काय?

रेल्वेचे एक उदाहरण देतो, कारण ते प्रत्येक निवडणुकीत ऐकले आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हा खर्च होता ३५३ कोटी, पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडले, बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५. एका मंजुरीवर इतक्या निवडणुका लढवल्या गेल्या की पहिल्या आश्वासनाच्या वेळी मतदार झालेल्या मुलाला आता नातवंडे आहेत. गाडी आली याचा आनंदच आहे. पण तिच्याबरोबर इथे काम आले नाही तर ती उसाकडे जाणारा ट्रक कमी करणार नाही.

शेवटचा मुद्दा मतदानाच्या हक्काचा. लोकसभा आता उन्हाळ्यात होते, तेवढा मजुराचा फायदा. पण विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले आणि गाळपाला परवानगी १५ नोव्हेंबरपासून होती. राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका १८ डिसेंबर २०२२ ला, ऐन हंगामात झाल्या. गावाचा सरपंच ठरवताना गावातली धडधाकट माणसे गावात नव्हती. उमेदवार गाड्या पाठवतात, एका रात्रीत माणसे आणतात, मत झाले की परत सोडतात. ज्याच्याकडे गाडी पाठवायला पैसा, त्याचे मतदार येतात. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले होते. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होती. पक्षांनी शंका काढल्या आणि विषय मागे पडला. मलाही ते यंत्र कारखान्याच्या आवारात बसवायला नको आहे. जिथे उचल देणारा मुकादम दाराशी उभा आहे तिथे गुप्त मतदान कसे होणार? त्यापेक्षा सोपा रस्ता तारखेचा आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीचे मतदान निदान बीड जिल्ह्यापुरते १५ एप्रिलनंतर घ्यावे, आणि हंगामात पोटनिवडणुका लावू नयेत, एवढ्या दोन मागण्यांचा मसुदा मी लिहून आणला आहे. अध्यक्षांच्या परवानगीने तो सभेपुढे ठेवतो. ज्यांना पटेल त्यांनी जाताना दारापाशी सही करावी. अंगठा चालेल, शाईची डबी ठेवली आहे.